ओटीतली गुलचांदणी

जून सरत आला की आमच्या ओट्याच्या कोपऱ्यात एक स्टीलची वाटी ताटलीने झाकून ठेवलेली असते. त्या वाटीला हात लावायची या घरात कुणाची छाती नाही. कामाला येणाऱ्या दीदीला पहिल्याच वर्षी बजावून ठेवलं आहे, पाहुण्यांना चहाच्या आधी सांगितलं जातं, आणि ज्यांच्यामुळे हा कायदा करावा लागला ते माझे वडील तर त्या दिवशी स्वयंपाकघरात पाऊलच टाकत नाहीत. पाणी हवं असलं तर बाहेरच्या खोलीतून आवाज देतात. वाटीत असतात मूठभर बिया. गुलचांदणीच्या.

ही वेल पाहिलेली माणसं आता कमी भेटतात, म्हणून सांगते. पिंपळासारखी पानं, दोरीवर सरसर चढणारी, आणि दिवस मावळला की उमलणारं बशीएवढं पांढरंशुभ्र फूल. दुसऱ्या दिवशी ऊन चढलं की त्या फुलाने मान टाकलेली असते. बी असते वाटाण्याएवढी, मळकट पांढरी आणि अशी टणक की नुसती मातीत टाकली तर महिनाभर ढिम्म हलायची नाही. तिला एका बाजूने दगडावर घासावं लागतं, जरासं कवच खरवडलं की मग पाण्यात भिजत घालायची. दुसऱ्या दिवशी सकाळी ती फुगून दुप्पट झालेली असते. जी फुगली नाही तिला पुन्हा घासायचं. माझी आई त्या न फुगलेल्या बियांना "झोपाळू पोट्ट्या" म्हणते.

काल मी बिया घासायला बसले. खाली तेलीबांधा तलावावर ढग उतरले होते, सहाव्या मजल्यावरच्या आमच्या बाल्कनीत वारा नुसता घुसत होता. हातात बी धरली की दर वर्षी मला तोच एक मोसम आठवतो, सात-आठ वर्षांपूर्वीचा, बीरगावच्या घरातला. तसे गुलचांदणीचे किती मोसम आले नि गेले. पण त्या एकाचं मी काही देणं लागते असं वाटतं, आणि ते फेडायची मला मुळीच घाई नाही.

आम्ही मूळचे वर्ध्याकडचे. बाबा तरुणपणी रायपूरला आले आणि उरला या कारखान्यांच्या भागात एका लोखंडाच्या रोलिंग मिलमध्ये लागले. मिलच्या जवळ म्हणून बीरगावला घर घेतलं. पुढे अंगण म्हणावं इतकी जागा, मागे मोरी, आणि चारी दिशांना कारखान्यांच्या चिमण्या. त्या चिमण्यांची काळी धूळ आमच्या घरात घरच्या माणसासारखी वावरायची. दोरीवरच्या कपड्यांवर, पापडांवर, पोरांच्या मानेवर. आई रोज सकाळी ओल्या फडक्याने वेलीची पानं पुसायची, एकेक पान तळहातावर घेऊन. शेजारच्या बायका हसायच्या. पण त्या धुळीच्या राज्यात गुलचांदणीचं फूल मात्र कधी काळं पडलेलं मी पाहिलं नाही. एका संध्याकाळी येऊन सकाळी जाणाऱ्या फुलावर धूळ बसायला वेळच मिळत नसे.

बाबांना आयुष्यभर रात्रपाळी. रायपूरचा उन्हाळा आणि त्यात भट्टीपाशी उभं राहायचं, म्हणून कधीतरी त्यांनी स्वतःच रात्रीची ड्यूटी मागून घेतली आणि मग ती त्यांना चिकटली ती चिकटलीच. संध्याकाळी डबा सायकलला अडकवून ते निघायचे, गल्लीचं वळण ओलांडायचे आणि त्यानंतर थोड्या वेळाने अंगणात फुलं उमलायची. सकाळी ते परत यायचे तोवर फुलं गळाठून गेलेली. सुट्टीच्या संध्याकाळीही ते आठवड्याची झोप भरून काढत पडलेले असायचे. म्हणजे ज्या घराच्या दारावर वर्षानुवर्षं ही वेल होती त्या घराच्या मालकाने तिचं फूल फक्त मेलेलंच पाहिलेलं.

सकाळच्या चहाबरोबर त्यांचा एक ठरलेला संवाद असे. आई म्हणायची, "काल पाच उमलली. कोपऱ्यातलं तर केवढं मोठं होतं."

बाबा बशीत चहा ओतत म्हणायचे, "असन. मले तर ओला रुमाल लटकवल्यावानी दिसून राहिलं."

"उमलताना पाहा लागते त्याले. कळी आधी थरथरते, मंग तिची पिळी सुटते."

"असन."

बाबांच्या बोलण्यात "असन" आणि "हव" हे दोन शब्द सर्वात जास्त वापरात. रात्रभर यंत्रांच्या घडघडाटात उभ्या राहिलेल्या माणसाला घरी आल्यावर शब्द नकोसे होत असावेत. आईचीही तक्रार नव्हती. ती फक्त म्हणायची, "रिटायर व्हा, मंग दाखवीन तुमाले." असं ती इतकी वर्षं म्हणत होती की ते वाक्यच आमच्या घरचं झालं. माझ्या लग्नात बाबांनी जेवायला उशीर केला तेव्हाही कुणीतरी म्हणालं होतं, रिटायर झाल्यावर जेवतील.

आणि ते रिटायर झाले, त्या वर्षीच्या मे महिन्यात. मिलमधल्या लोकांनी हार घातला, एक भिंतीवरचं घड्याळ दिलं. त्याच महिन्यात आईच्या डोळ्यांत काचबिंदू निघाला.

आधी आम्हाला वाटलं चष्म्याचा नंबर वाढला. ती दाराच्या चौकटीला खांदा आपटायची, कप टेबलाच्या कडेवर ठेवायची आणि तो खाली पडायचा. डॉक्टरांनी तपासून सांगितलं की बाजूची नजर गेली आहे, समोरचं तेवढं उरलं आहे, नळीतून पाहावं तसं. गेलेलं परत येत नाही. थेंब घालून उरलेलं टिकवायचं, ते किती दिवस टिकेल हे सांगता येत नाही. परत येताना ऑटोत आई माझा हात धरून बसली होती. मग म्हणाली, "रेखा, दसऱ्यापर्यंत तर दिसन ना मले?"

मी म्हटलं, "दसरा काहून?"

"तवा वेल फुलते ना. ह्याईले दाखवाचं हाय." आणि मग पदराने उगाच माझ्या कपाळावरचा घाम पुसला. मी बाहेरच्या ट्रकांकडे पाहत राहिले.

तर त्या वर्षी ती वेल फुलणं हे असं सगळ्या घराच्या जिवावरचं काम झालं होतं. आणि नेमक्या त्याच वर्षी बाबांना घरात मदत करायची हुक्की आली.

रात्रपाळीच्या माणसाला दिवस काय करायचा हे कळत नाही. दुपारी त्यांना झोप लागे, संध्याकाळी डबा शोधत. घरालाही त्यांची सवय नव्हती, ते कुठेही उभे राहिले तरी वाटेत येत. आईचं दिसणं कमी झालं म्हणून त्यांनी ठरवलं की सकाळचा स्वयंपाक आपण करायचा. त्या दिवशी उसळीसाठी आईने पातेल्यात पांढरे वाटाणे भिजत घातले होते. शेजारी झाकलेल्या वाटीत गुलचांदणीच्या बिया, घरात होत्या नव्हत्या त्या सगळ्या. फुगलेल्या, गोल, पांढरट. बाबांनी पाहिलं, त्यांना वाटलं पातेल्यात न मावलेले वाटाणे वेगळे ठेवलेत. वाटीही ओतली कुकरमध्ये. वर चार शिट्ट्या.

मी नेमकी तेव्हा माझ्या घरून पोचले होते. आई मोरीतून आली, तिने सवयीने ओट्याच्या कोपऱ्यात हात फिरवला. पुन्हा फिरवला.

"अहो, इथली वाटी कुठी गेली?"

"धुतली," बाबा अभिमानाने म्हणाले.

"धुतली म्हंजे?"

"रिकामी झाली मंग धुतली. उसळ होऊन राहिली ना."

आई ओट्याला धरून उभी राहिली. कुकर अजून सुसू करत होता. मला हसू येत होतं आणि हसायची भीती वाटत होती. आईने एवढंच म्हटलं, "खाऊ नका बरं ती उसळ, पोट बिघडन," आणि बाहेर जाऊन अंगणातल्या मोकळ्या दोऱ्यांपाशी बसली.

बाबांचा चेहरा तसा मी आधी कधी पाहिला नव्हता. त्यांनी उसळ परातीत ओतली. मग एकेक बी वेगळी काढली, वाटाण्यातून, फोडणीतून, कढीपत्त्यातून. नळाखाली धुतल्या. आणि अंगणात ओळीने पेरल्या. मी म्हटलं, "बाबा, त्या शिजल्या हायेत." ते म्हणाले, "हव." आणि पाणी घातलं. पुढे कितीतरी दिवस ते त्या शिजलेल्या बियांना सकाळ-संध्याकाळ पाणी घालत होते. मोहरी-हिंगाची फोडणी बसलेल्या त्या वाफ्यातून अर्थातच काही आलं नाही. त्यांनाही ते माहीत असणार. पण चूक झाल्यावर माणसाला कुठेतरी पाणी घालत राहावं लागतं, असं मला आता वाटतं.

बाजारात ही बी मिळेना. नर्सरीवाल्यांना नावच कळेना, एकाने चांदणीची झुडपं दाखवली, दुसऱ्याने रातराणी. मग मला आठवलं आईचं वाण.

आमच्याकडे संक्रांतीच्या हळदी-कुंकवाला वाण म्हणून बायका काय काय लुटतात. प्लास्टिकचे डबे, गाळण्या, साबणदाण्या. आई दर वर्षी गुलचांदणीच्या बिया लुटायची. जुन्या कॅलेंडरच्या कागदाच्या पुड्या करून, वर हळदीचं बोट लावून. बायका तोंडदेखलं "अय्या, किती छान" म्हणायच्या आणि घरी गेल्यावर त्या पुड्यांचं काय व्हायचं देव जाणे. त्या वर्षीही तिने अर्ध्या रायपूरला बिया वाटल्या होत्या.

मी तिला म्हटलं, "कोणाकडे तरी असन पुडी पडलेली. मागते."

आई एकदम ताठ झाली. "दिलेलं वाण परत घेत नसते, रेखा. ते पाप माह्याकडून होनार नाई. नाई फुलली वेल तर नाई फुलली." आणि थेंबांची बाटली घेऊन आत गेली. आईचं हे असंच असतं. एकदा नाही म्हटलं की त्याला दार-खिडकी काही नसते.

मी तिला न सांगता फोन केले. एकीने कपाटात शोधते म्हणून सांगितलं आणि पुन्हा फोन उचलला नाही. एकीची पुडी उंदरांनी खाल्ली. एकीच्या सुनेने साफसफाईत टाकली. शेवटी बूढापाऱ्यातल्या निर्मला काकूंना फोन लावला. काकू आईच्या जुन्या मैत्रीण, नवरा रेल्वेत होता. त्या फोनवर हळूच म्हणाल्या, "माह्याकडं दोन पुड्या हायेत वं. ह्या वर्षीची अन् मागच्या वर्षीची. पेरीन पेरीन म्हणता राहून गेलं. तुह्या आईले सांगू नको."

मी स्कूटर काढली. बूढा तलावाच्या बाजूच्या त्या गल्लीत स्कूटर लावायला जागा शोधेपर्यंत पावसाने गाठलं. काकूंनी टॉवेल दिला, चहा दिला. मी वाणाची अडचण सांगितली. काकू विचारात पडल्या. त्यांनाही ते पटत होतं, वाण परत द्यायचं म्हणजे संक्रांतच परत केल्यासारखी. मग त्या उठल्या, देवापुढचं तबक घेऊन आल्या. त्यात तांदूळ, सुपारी, खोबऱ्याची वाटी, हळकुंड.

"उभी राह्य. पदर धर."

"काकू, मी तर सलवार-कुर्ता घालून आली."

"ओढणी तर ओढणी. देवाले चालते."

आणि त्यांनी माझी ओटी भरली. ओंजळीने तांदूळ घातले आणि त्या तांदळात दोन्ही पुड्या फोडून बिया मिसळल्या. मला कुंकू लावलं आणि म्हणाल्या, "म्या वाण परत नाई देलं. मैत्रिणीच्या पोरीची ओटी भरली. ओटी कोनी नाई म्हणत नसते. जा आता."

बूढापारा ते बीरगाव, भर पावसात, ट्रकांच्या रांगांमधून, मी कंबरेला ओढणीची गाठ मारून एका हाताने ती सांभाळत स्कूटर चालवली. सिग्नलला एक पोलीस भैया संशयाने पाहत होता. आज विचार केला तर हसू येतं, की आईचं वाण ज्यांनी नीट पेरलं असतं त्यांच्याकडे तेव्हा एकही बी शिल्लक नसती. काकूंच्या आळसाचे आमच्यावर केवढे उपकार आहेत. मी त्या आळसाला मनातून नमस्कार करते.

आईने ओटी नाकारली नाही. नाकारता येत नाही हे काकूंना बरोबर ठाऊक होतं. तिने सुपात ओटी घेतली आणि मांडी घालून बसली. तांदळातून बिया वेचायला मी पुढे झाले तर म्हणाली, "राहू दे." आणि बोटांनीच वेचू लागली. नजर भलतीकडेच, समोरच्या भिंतीवर. तांदूळ बाजूला सरकत होते आणि बी बोटाखाली आली की ती चिमटीत उचलून वाटीत टाकत होती. एकही चुकली नाही. बाबा समोर बसून ते पाहत होते, दोन्ही हात मांडीखाली दाबून, चुकून कशाला लागू नयेत म्हणून.

बिया रुजल्या. गुलचांदणीची पहिली दोन पानं मधून चिरलेली असतात, गाईच्या खुरासारखी. हरेलीला, म्हणजे आषाढ अमावास्येच्या इथल्या सणाला, गल्लीत पोरांनी दारोदार कडुनिंबाच्या डहाळ्या खोचल्या तेव्हा वेलीने पहिली दोरी पकडली होती. दोऱ्या बांधायचं काम बाबांकडे. आईने पानं पुसायची, बाबांनी बादली धरायची. मी आठवड्यातून दोन-तीनदा तनूला घेऊन जायची, माझी लेक तेव्हा बालवाडीत होती. वेल दाराच्या वर गेली, पत्र्यावर गेली, पानं हाताच्या पंजाहून मोठी झाली. पण कळी येईना. आई रोज पानांच्या बेचक्यांतून बोट फिरवी. काही लागत नसे.

पोळा झाला. तीजासाठी, म्हणजे इथल्या हरतालिकेसाठी, शेजारची दुलारी दीदी माहेरी निघाली. ही छत्तीसगढी बाई संक्रांतीला सहज आमच्याकडे आली होती, वाणाची पुडी मिळाली तशी घरी जाऊन जपून ठेवली आणि जूनमध्ये पेरून मोकळी झाली. सगळ्या रायपुरात एकटी तीच. जाताना सांगून गेली, "दीदी, मोर नार मा थोड़ा पानी डाल देहू." नार म्हणजे वेल, तिच्या घरामागच्या अंगणात होती ती. आई मला घेऊन पाणी घालायला गेली आणि सवयीने बोट फिरवलं. थांबली.

"रेखा, हिले तर कळ्या लागल्या." मग तिने मान वर केली, मागच्या त्या अंगणात इकडेतिकडे पाहिल्यासारखं केलं. "इथं संध्याकाळी अंधार असते ना?"

असतो, मी म्हटलं. तिथे ना खांब ना दिवा.

"आपल्या दारापुढं तो नवा लाइट लागला. पांढरा. रातभर दिवसच असते. तिले वाटत असन, रात झालीच नाई. मंग ती कशाले फुलन?"

खरंच, त्याच वर्षी आमच्या दारासमोर खांबावर तो डोळे दिपवणारा दिवा लागला होता. घरी येऊन हे सांगितलं तसे बाबा ताडकन उठले. म्हणाले, खांबावर चढतो आणि बल्ब काढतो. जन्मभर मिलमध्ये काढलेल्या माणसाला ते अवघड नव्हतं. आई म्हणाली, "नका. सेकंड शिफ्टच्या पोरी ह्याच गल्लीतून येतात. लाइट राहू द्या."

मग बाबांनी सिमेंटची रिकामी पोती जमवली. उसवली, धुतली, सुतळीने एकाला एक शिवली. वर बांबू, दोन कप्प्या, दोरी. संध्याकाळ झाली की वेलीच्या आणि दिव्याच्या मध्ये तो पडदा चढवायचा, सकाळी उतरवायचा. येणारे-जाणारे विचारायचे, "क्या अंकल, क्या छुपा रहे हो?" बाबा सांगायचे, "फूल को अँधेरा दे रहा हूँ." पडदा चढवून झाला की ते हात धुवायचे आणि आईच्या डोळ्यांत थेंब घालायचे. एकाच संध्याकाळी, एकाच माणसाने, एकीला अंधार मिळावा म्हणून आणि दुसरीचा लांबावा म्हणून. हे मी तेव्हा नुसतं पाहिलं. त्याचा अर्थ कळून डोळे भरायला मला काही वर्षं जावी लागली.

दसरा आला नि गेला. आईने सोनं वाटलं आणि पुन्हा बेचक्यांतून बोट फिरवलं. तिची नजर त्या दिवसांत आणखी आकसली होती, ताटातला पदार्थ ती बोटाने चाचपून खायची. मी कॅलेंडरकडे पाहणं सोडून दिलं होतं. आणि दिवाळीच्या साफसफाईत घर उलथंपालथं झालेलं असताना एके सकाळी आईने अंगणातून हाक मारली. तिचं बोट एका बेचक्यात होतं. "हे पाहा," ती बाबांना म्हणाली आणि त्यांचं खरखरीत बोट धरून तिथे टेकवलं. बारीक, टोकदार, पिळलेली कळी.

पहिलं फूल उमलायचं त्या संध्याकाळी आम्ही सगळे अंगणात होतो. आईला खुर्ची, अगदी वेलीला लागून. बाबा स्टुलावर. तनू माझ्या मांडीवर. कळी बंद छत्रीसारखी लांब आणि पीळदार झाली होती. पडद्यापलीकडून दिव्याचा उजेड आणि चिमण्यांची लालसर धग, अलीकडे आमचा घरचा अंधार.

आई म्हणाली, "मले संध्याकाळचं काही सुधरत नाई आता. तुमी सांगा."

इतकी वर्षं दाखवीन दाखवीन म्हणणारी ती, आणि फूल आलं तेव्हा तिचेच डोळे गेलेले.

बाबा गोंधळले. "मी काय सांगू?"

"जे दिसते ते सांगा."

बाबा खाकरले. स्टूल पुढे सरकवलं. "हालून नाई राहिलं काही." मग बऱ्याच वेळाने, "आता हालली. टोकाशी. वारा नाई तरी हालली." त्यांचा आवाज बदलला होता. "पिळी सैल होऊन राहिली वं. थांब. एक पदर सुटला. दुसरा अडकून हाय... सुटला. आता भट्टीचं दार उघडल्यावर कसा उजेड भस्सकन बाहेर येते ना, तसंच. पण थंडगार. मधात हिरवी चांदणी हाय, पाच पायांची. एवढं मोठं हाय, मायच्यान, तू ताटाएवढं म्हणत होती तवा मले खोटं वाटे." मग एक मोठा पतंग आला, फुलासमोर हवेतच थांबून भिरभिरला, बाबांनी तोही सांगितला, त्याची लांब सोंड सांगितली. वास सांगायला लागले तेव्हा आई म्हणाली, "तो येऊन राहिला मले."

मी वडिलांना सलग इतकं बोलताना त्या आधी कधीही ऐकलं नव्हतं. आई डोळे मिटून ऐकत होती आणि हसत होती.

पुढे बीरगावचं घर बंद करून दोघं आमच्याकडे तेलीबांध्याला आली. वेलही आली, म्हणजे बिया आल्या. इथे बाल्कनीच्या जाळीवर बाबांनी दोऱ्या ताणल्या आहेत आणि गुलचांदणीच्या दिवसांत संध्याकाळी बाल्कनीचा दिवा लावायला बंदी असते. शेजाऱ्यांना वाटतं आमची वायरिंग खराब आहे. आईला आता उजेड आणि अंधार एवढंच कळतं. आणि बाबा सांगतात. रोज, प्रत्येक फूल. हल्ली तर तिखटमीठही लावतात. तनू मोबाइलमधून मान वर न करता म्हणते, "आजी, आबा फेंक रहे हैं, सात नहीं, तीन ही खिले हैं." आई म्हणते, "खिलू दे सात. तुले काय करा लागते?"

काल मी बिया घासत होते, आई शेजारी बसून एकेक बी बोटाखाली तपासत होती, नीट खरवडली गेली की नाही ते. बाबा तलावाला फेरी मारायला खाली गेले होते. घर शांत होतं. मी सहज म्हटलं, "आई, त्या वर्षी पहिलं फूल तुले दिसलंच नाई. माह्या मनात तेच राहून गेलं बघ."

"कोन म्हणते दिसलं नाई?" आईने एक बी माझ्याकडे परत सरकवली. "ही नीट घास. नाकासमोर होतं ते. पांढरंशुभ्र. कळी थरथरली तेबी दिसलं मले."

मी घासायची थांबले. "मग तू बाबांना सांगा सांगा काहून म्हणत होती?"

"तवा दिसत होतं. पुढं दिसनार नाई हे तर डॉक्टरनं सांगूनच ठेवलं होतं ना." तिने वाटीतल्या बियांवरून बोट फिरवलं. "ह्या माणसाले बोलाची सवय नाई. सवय लागाले टाइम लागते, म्हटलं आत्तापासूनच लावलेली बरी. नाईतर मंग मले सांगितलं असतं कोनी?"

मी वाटीत पाणी ओतलं. आईने चाचपून ताटली घेतली आणि वाटी झाकली.

दारात किल्ली वाजली. बाबा आले. "काय चालू हाय?"

"काही नाई. बिया भिजून राहिल्या," आई म्हणाली. "तुमी ओट्याकडं येऊ नका."

बाबा तिथेच, चपला न काढता उभे राहिले, आणि कुणी न विचारता आईला सांगायला लागले, आज तलावावर ढग कसे आले होते ते.